सर्व्हरवरचं अपडेट अर्धवट अडकलं असेल तर आधी टप्पा शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत बिलिंगसाठी उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीचा सर्व्हर आहे. पॅकेजेस (प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे) बसवणाऱ्या एपीटी या पॅकेज मॅनेजरची ‘एपीटी अपग्रेड’ ही आज्ञा मध्येच थांबली आणि शेवटी ‘सब-प्रोसेस /यूएसआर/बिन/डीपीकेजी रिटर्न्ड अॅन एरर कोड (१)’ ही ओळ आली. तेव्हापासून काहीच इन्स्टॉल होत नाही. वर स्क्रोल केल्यावर कुठेतरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ दिसतं, पण मुख्य डिस्कवर भरपूर जागा रिकामी आहे. कुणाच्या तरी सल्ल्यावरून लॉकच्या (एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून लागणाऱ्या कुलपाच्या) फाइली उडवल्या, उपयोग झाला नाही. दुसऱ्या सर्व्हरवर ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ अशी तक्रार येते. तिसरा जुना सेंटओएस ७ (लिनक्सचाच दुसरा प्रकार) आहे, त्यावर यमला, म्हणजे तिथल्या पॅकेज मॅनेजरला, मिररलिस्टच (पॅकेजेस देणाऱ्या सर्व्हरांची, म्हणजे मिररांची यादी) सापडत नाही. सगळं पुसून नव्याने टाकायचं का, असं विचारलं आहे.

नाही, पुसू नका. आणि पहिल्या सर्व्हरबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगतो: हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत तो रीबूट करू नका. कारण पुढे येईलच.

महापे-रबाळे पट्ट्यातले लिनक्स सर्व्हर सांभाळताना अशी अडकलेली अपडेट्स माझ्याकडे सतत येतात. त्यातली बहुतेक मुळात साधी असतात. घाईघाईने केलेल्या ‘उपायां’मुळे ती अवघड होतात. पॅकेज मॅनेजर हे फार विचारपूर्वक बांधलेलं साधन आहे. आपण कुठे थांबलो, कुठलं पॅकेज उघडलं गेलं, कुठलं कॉन्फिगर व्हायचं राहिलं, याची नोंद तो स्वतःच ठेवतो आणि तिथूनच पुढे जाऊ शकतो. म्हणून दुरुस्ती सुरू करण्याआधी काम कुठल्या टप्प्यावर थांबलं ते बघायचं. आधी पॅकेजांच्या याद्या येतात. मग कोण कोणावर अवलंबून आहे याचा हिशेब होतो. मग फाइली डाउनलोड होतात, मग उघडून जागेवर ठेवल्या जातात आणि शेवटी प्रत्येक पॅकेजची कॉन्फिगर करण्याची स्क्रिप्ट चालते. तुमचा पहिला सर्व्हर शेवटच्या टप्प्यावर अडकला आहे, दुसरा आणि तिसरा पहिल्याच टप्प्यावर. त्यामुळे तिघांना एकच औषध चालणार नाही.

तुम्ही जी ओळ पाठवली आहे, ‘एरर कोड (१)’ वाली, तिच्यात माहिती काहीच नाही. एपीटी एवढंच सांगतंय की मी डीपीकेजीला (पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या साधनाला) काम दिलं आणि ते फसलं. ही ओळ शोधून इंटरनेटवर जे उपाय सापडतात ते शंभर वेगवेगळ्या आजारांचे असतात. खरं कारण त्याच्या बरंच वर असतं. स्क्रीनवरून निघून गेलं असेल तर ‘/व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग’ उघडा. अपग्रेडच्या वेळी पडद्यावर आलेलं सगळं तिथे जसंच्या तसं जमा असतं. शेजारच्या ‘हिस्टरी.लॉग’मध्ये कोणती आज्ञा कधी चालली आणि कोणती पॅकेजेस बदलली ते मिळतं. टर्म.लॉगमध्ये ‘एरर प्रोसेसिंग पॅकेज’ हे शब्द पहिल्यांदा कुठे आले ते शोधा आणि तिथून वरच्या आठ-दहा ओळी वाचा. पहिल्यांदा, हे महत्त्वाचं. त्यानंतरची पॅकेजेस बहुतेक वेळा पहिल्यामुळे अडकलेली असतात. त्यांच्यापुढे ‘डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स, लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड’ असं लिहिलेलं दिसेल. त्यांच्या मागे लागू नका. पहिलं सुटलं की ती आपोआप सुटतात.

मग ‘डीपीकेजी --ऑडिट’ चालवा. अर्धवट राहिलेल्या पॅकेजांची यादी कारणासकट मिळते. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत पहिल्या रकान्यात ‘आय आय’ असेल तर पॅकेज नीट बसलेलं आहे. ‘आय यू’ म्हणजे उघडलं पण कॉन्फिगर झालेलं नाही, ‘आय एफ’ म्हणजे कॉन्फिगर करताना फसलं, आणि ‘आर सी’ म्हणजे काढून टाकलं पण कॉन्फिगच्या फाइली मागे राहिल्या. या शेवटच्याची काळजी नको. या दोन आज्ञा फक्त वाचतात, काहीही बदलत नाहीत. त्यामुळे कितीही वेळा बिनधास्त चालवा.

आता जागेचं कोडं. ‘डीएफ -एच’ चालवून सगळ्या ओळी बघा, फक्त ‘/’ची (मुख्य डिस्कची) नको. मला खात्री आहे, ‘/बूट’पुढे १०० टक्के दिसेल. एलव्हीएम (डिस्कची लवचिक विभागणी) किंवा एन्क्रिप्शन निवडून उबुंटू टाकलं की ‘/बूट’ हे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं वेगळं, छोटं पार्टिशन होतं. मुख्य डिस्कवर कितीही जागा रिकामी असली तरी तिचा त्याला उपयोग नाही. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर (लिनक्सच्या गाभ्याबरोबर) तिथे कर्नलची फाइल आणि त्याची इनिटआरडी (सुरू होताना मुख्य डिस्क जोडेपर्यंत लागणारी तात्पुरती फाइलसिस्टम) अशा दोन मोठ्या फाइली येतात. २२.०४ वर इनिटआरडी एकटीच शंभर एमबीच्या आसपास जाते. शिवाय ती नव्याने बनवताना जुनीवर थेट लिहिली जात नाही. आधी शेजारी नवी फाइल तयार होते आणि पूर्ण झाली की जुनीची जागा घेते. म्हणजे तेवढा वेळ जागा दुप्पट लागते. चार-पाच कर्नल साठले की एके दिवशी इनिटआरडी बनवणाऱ्या ‘अपडेट-इनिटरामएफएस’ला जागा पुरत नाही, कर्नल पॅकेजची स्क्रिप्ट फसते आणि मागची सगळी रांग थांबते.

रीबूट का नको ते आता लक्षात येईल. नव्या कर्नलची फाइल ‘/बूट’मध्ये आली आहे, पण त्याची इनिटआरडी बनलेली नाही किंवा अर्धीच लिहिली गेली आहे. मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा ग्रब मात्र नव्यात नवा कर्नल आधी उचलतो. अशा अवस्थेत मशीन बंद होऊन सुरू झालं तर रूट फाइलसिस्टम (मुख्य डिस्क) माउंट होत नाही आणि कर्नल पॅनिक येतो, म्हणजे मशीन तिथेच थांबतं. मग मॉनिटर-कीबोर्ड लावून ग्रबच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडावा लागतो. औद्योगिक वसाहतीत वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएसची बॅटरी किती वेळ तग धरते तेही आजच बघून घ्या. ‘एलएस -एल /बूट’ करून प्रत्येक ‘व्हीएमलिनझ’ला (कर्नलच्या फाइलला) त्याच आवृत्तीची ‘इनिटआरडी.आयएमजी’ आहे ना आणि तिचा आकार बाकीच्यांच्या जवळपास आहे ना, ते तपासा.

इथे सहसा ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ (आता गरज नसलेली पॅकेजेस काढणं) सुचवलं जातं. सल्ला चांगला आहे, पण तुमच्या अवस्थेत तो अडून बसेल. एपीटी म्हणेल, आधी मोडलेली पॅकेजेस दुरुस्त करा. दुरुस्त करायला ‘/बूट’मध्ये जागा हवी, आणि जागा करायला एपीटी चालायला हवं. हा पेच थेट डीपीकेजीनेच सुटतो.

आधी ‘यूनेम -आर’ चालवा. सध्या कुठला कर्नल चालू आहे ते कळेल. त्याला हात लावायचा नाही. मग ‘डीपीकेजी -एल’मधून ‘लिनक्स-इमेज’ने सुरू होणारी पॅकेजेस बघा. चालू असलेला, त्याच्या लगेच आधीचा आणि अडकलेला नवा, हे तीन ठेवायचे. त्याहून जुन्यांतला एक निवडा आणि त्याच आवृत्तीची ‘लिनक्स-इमेज’, ‘लिनक्स-मॉड्यूल्स’ आणि असेल तर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ ही पॅकेजेस एकाच ‘डीपीकेजी --पर्ज’मध्ये (पॅकेज कॉन्फिगसकट काढणाऱ्या आज्ञेत) द्या. एकेक दिलीत तर ती एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे नकार मिळेल. ‘/बूट’ इतकं भरलेलं असेल की ग्रबलाही आपली नवी यादी लिहिता येत नाही, तर त्या जुन्या कर्नलची इनिटआरडी तात्पुरती ‘/व्हार/टीएमपी’मध्ये हलवा आणि मग पर्ज करा. ‘/बूट’मधल्या फाइली ‘आरएम’ने उडवणं मात्र टाळा. फाइल गेली तरी पॅकेज नोंदीत राहतं, आणि पुढच्या वेळी सिस्टीम त्या कर्नलची इनिटआरडी पुन्हा बनवायला बसते.

जागा झाली की क्रम असा ठेवा. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, म्हणजे अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजेस पूर्ण होतील. मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. इथे एपीटी काय काढणार आहे ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. यादीत मायएसक्यूएल (डेटाबेस) किंवा तुमच्या बिलिंगला लागणारं काही दिसलं तर तिथेच थांबा. मग ‘एपीटी अपडेट’, ‘एपीटी अपग्रेड’ आणि सगळ्यात शेवटी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’.

मूळ प्रश्न उरतोच, की कर्नल साठले कसे. उबुंटूतलं आपोआप अपडेट करणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स जुने कर्नल स्वतःच काढतं. ते होत नसेल तर मी आधी ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’मध्ये ‘लिनक्स-इमेज’ शोधतो. कुणी कधी आवृत्तीचा आकडा टाकून हाताने कर्नल इन्स्टॉल केला असेल, तर सिस्टीम तो ‘मुद्दाम ठेवलेला’ समजते आणि कधीच काढत नाही. ‘एपीटी-मार्क ऑटो’ने ती खूण बदला. हे राहून गेलं तर काही महिन्यांनी पुन्हा याच जागी याल.

‘/बूट’मध्ये जागा आहे आणि तरीही ‘नो स्पेस’ येतंय, असं कुणाच्या बाबतीत झालं तर ‘डीएफ -आय’ बघावं. जागा असते पण आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपलेले असतात. ‘/यूएसआर/एसआरसी’मध्ये जुन्या कर्नल-हेडर्सच्या असंख्य बारीक फाइली साठल्या की हे होतं. उपाय तोच, जुनी हेडर्स पर्ज करणं.

आता लॉकच्या फाइलींबद्दल, कारण हा सल्ला सगळीकडे पसरला आहे आणि मला तो मनापासून नको वाटतो. ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’ ही रिकामी फाइल तिथे कायमच असते. ती असणं म्हणजे कुलूप लागलेलं असणं नव्हे. खरं कुलूप कर्नल त्या फाइलवर लावतो आणि ज्या प्रोसेसने ते घेतलं ती संपली की आपोआप निघतं. फाइल ही दारावरची पाटी आहे, कडी आतून लावलेली असते. पाटी काढली म्हणून आत काम करणारा माणूस नाहीसा होत नाही. फक्त दुसरा माणूस नवी पाटी लावून त्याच खोलीत शिरतो. मग दोन डीपीकेजी एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहितात आणि ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ बिघडू शकते. तुमच्याकडे त्या क्षणी दुसरं काही चालू नसावं, म्हणून निभावलं असेल. खात्रीसाठी ‘पीएस’मध्ये एपीटी किंवा डीपीकेजीची एखादी प्रोसेस उरली आहे का बघा. स्टेटस फाइल खरोखरच बिघडलेली निघाली, तर तिची आधीची प्रत शेजारीच ‘स्टेटस-ओल्ड’ नावाने असते आणि रोजच्या प्रती ‘/व्हार/बॅकअप्स’मध्ये असतात.

लॉक कुणाकडे आहे ते हल्लीचं एपीटी प्रोसेसच्या क्रमांकासह सांगतं. बहुतेक वेळा ते अनअटेंडेड-अपग्रेड्स असतं, आणि त्याला संपू देणं हाच उपाय. त्याचा टायमर सकाळी सहाला सुरू होतो आणि त्यात तासाभरापर्यंतचा विलंब आपोआप मिसळलेला असतो. पण हे सहा वाजतात सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे. सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आपल्याकडे तेव्हा साडेअकरा ते साडेबारा झालेले असतात, म्हणजे बिलिंगची ऐन गर्दी. ‘रोज दुपारच्या आधी लॉक लागतं आणि मायएसक्यूएल मध्येच रीस्टार्ट होतं’ ही तक्रार मी बऱ्याच ठिकाणी ऐकली आहे, आणि दर वेळी कारण हेच निघालं. ‘एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर’ची वेळ बदलून पहाटेची करा. अपडेट बंद मात्र करू नका.

इथेच दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर दडलेलं आहे. ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ याचा अर्थ मिररवरच्या यादीवर जी वेळ लिहिली आहे ती तुमच्या सर्व्हरच्या दृष्टीने अजून यायची आहे. म्हणजे सर्व्हरचं घड्याळ मागे आहे. कंसात ‘इनव्हॅलिड फॉर अनदर’ असं म्हणून तास-मिनिटं दिलेली असतात. तो आकडा दर वेळी वेगळा येत असेल पण साडेपाच तासांच्या वर कधीच जात नसेल, तर भारतातल्या सर्व्हरवर कारण जवळपास ठरलेलं: यूटीसी आणि आपली वेळ यांतला साडेपाच तासांचा फरक. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवा. ‘आरटीसी इन लोकल टीझेड’पुढे ‘येस’ असेल तर मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी वेळ आहे आणि लिनक्स तिलाच भारतीय वेळ समजतंय. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ० --अॅडजस्ट-सिस्टम-क्लॉक’ने हे सुधारतं.

पण एवढ्यावर थांबू नका. वेळ एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सोयीने) आपोआप जुळायला हवी होती, ती का जुळली नाही? ऑफिसच्या फायरवॉलने बाहेर जाणारा यूडीपी १२३ पोर्ट अडवला असण्याची दाट शक्यता आहे. तो उघडून घ्या, मग ‘सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’पुढे ‘येस’ दिसेल. एक काळजी घ्या. त्या सर्व्हरवर व्यवहारांच्या नोंदी होत असतील तर घड्याळ साडेपाच तास पुढे ढकलण्याचं काम कामाच्या वेळेबाहेर करा, आणि मधल्या काळातल्या नोंदींवर चुकीच्या वेळा पडल्या आहेत हे लेखा विभागाला आधी सांगून ठेवा. इंटरनेटवर या तपासणीलाच बगल देणारा पर्याय सापडेल. तो वापरू नका. कुणी जुन्या, भोकं असलेल्या याद्या तुमच्या गळ्यात मारू नयेत यासाठीच या तारखा असतात. सह्यांच्या बाबतीतही तेच. ‘नो पबकी’ (सही तपासायची की सापडली नाही) असं आलं तर त्या प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून नवी की घेऊन ‘साइन्ड-बाय’ने जोडा. ‘ट्रस्टेड=येस’ लिहून मोकळं होऊ नका.

सेंटओएस ७ साठी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) तपासण्यात वेळ घालवू नका. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि जुना मिररलिस्टचा पत्ता बंद झाला. रेपोच्या (पॅकेजांच्या साठ्याचा पत्ता सांगणाऱ्या) फाइली व्हॉल्टकडे, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या संग्रहाकडे, वळवल्या तर जुनी पॅकेजेस मिळतील, पण सुरक्षेची नवी दुरुस्ती तिथे येणार नाही. स्थलांतराची तयारी होईपर्यंतची सोय म्हणून तेवढं करा, तो सर्व्हर इंटरनेटपासून तोडून आत ठेवा, आणि अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सवर नवीन मशीन उभारून डेटा हलवा.

बिलिंग सर्व्हरकडे परत येतो, कारण कधीतरी तुम्ही पुढच्या एलटीएसवर (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या उबुंटू आवृत्तीवर) जाल. कॉन्फिगरच्या टप्प्यावर अडकण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे सेवाच सुरू न होणं. पॅकेज बरोबर असतं, पण त्याची स्क्रिप्ट शेवटी सेवा सुरू करायला जाते आणि आपल्या जुन्या कॉन्फिगमुळे ती उठत नाही. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना मायएसक्यूएल ५.७ चं ८.० होतं. ८.० मधून क्वेरी कॅश पूर्ण काढून टाकलेलं आहे, म्हणून कॉन्फिगमध्ये ‘क्वेरी_कॅश_साइझ’ची एक ओळ राहिली असली तरी सर्व्हर ‘अननोन व्हेरिएबल’ म्हणून बंद पडतो आणि एपीटी मात्र फक्त एरर कोड १ दाखवतं. अशा वेळी डीपीकेजीशी झगडायचं नसतं. ‘जर्नलसीटीएल -यू मायएसक्यूएल’ आणि मायएसक्यूएलचा स्वतःचा एरर लॉग वाचायचा, ती ओळ काढायची, सेवा हाताने उठते का बघायचं आणि मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. कॉन्फिग फाइल बदलू का, असं अपग्रेडने मध्येच विचारलं तर आधी ‘डी’ दाबून फरक बघा. तुम्ही केलेले बदल त्या फाइलमध्ये असतील तर ‘एन’ म्हणा. नवी फाइल ‘.डीपीकेजी-डिस्ट’ शेपटीने शेजारी राहते, सावकाश ताडून बघता येते.

अपग्रेड नेहमी टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनात) चालवा. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एसएसएच करून (दुरून सर्व्हरवर लॉगिन करून) अपग्रेड सोडणारी मंडळी मी पाहिली आहेत. ऐरोली येईपर्यंत जोडणी तुटते, आणि डीपीकेजी कॉन्फिगच्या एखाद्या प्रश्नावर अडकलेलं असेल तर तिथेच मरतं. टीमक्समध्ये असलात तर पुन्हा जोडून त्याच प्रश्नाचं उत्तर देता येतं. सुरू करण्याआधी ‘एपीटी -एस अपग्रेड’ने रंगीत तालीम करून काय बदलणार आहे ते बघा. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट घ्या. डेटाबेसचा मायएसक्यूएलडम्प त्याशिवाय वेगळा घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर ठेवा.

आज दुरुस्ती झाल्यावर ‘डीपीकेजी --ऑडिट’ काहीही न छापता परत आलं पाहिजे, आणि ‘/बूट’मध्ये निदान दोन इनिटआरडी मावतील एवढी जागा उरली पाहिजे. ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसत असेल तर रात्री बिलिंग बंद झाल्यावर रीबूट करा, आणि पहिल्या वेळी कुणीतरी मशीनजवळ असू द्या. वर आल्यावर ‘यूनेम -आर’ नवा कर्नल दाखवतो का, ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ची यादी रिकामी आहे का, आणि एक चाचणीचं बिल निघतं का, हे बघा. यातलं काही अडलं तर टर्म.लॉगमधल्या त्या पहिल्या चुकीच्या वरच्या ओळी पाठवा, शेवटची नको.